कझन म्हणजे नेमकं कोण?

नमस्कार मंडळी. आजचा शब्द इंग्रजी, कझन. पण तो बघायचाय उर्दू बोलणाऱ्यांच्या घरात जाऊन. उर्दूत चाचाज़ाद, मामूज़ाद, खालाज़ाद, फुफीज़ाद अशी वेगवेगळी नाती आहेत, ज़ाद म्हणजे जन्मलेला, हा शब्द फारसीतला, पुढे भाई किंवा बहन लावलं की झालं. आपलं चुलत, मामे, मावस, आते, अगदी तसंच. आणि इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच, कझन.

मालेगावला माझा एक मित्र आहे, घरी उर्दू. त्याच्या धाकट्या भावाने मुंबईहून इंग्रजीत मेसेज टाकला, कझन पहाटे पाचला मनमाडला उतरतेय का उतरतोय, ते इंग्रजी क्रियापदात कळतच नाही ना, नुसतं कझन येतंय, घ्यायला जा. आणि त्या भावाचा फोन बंद. मालेगावात रेल्वे नाही, त्यामुळे मनमाडला जावंच लागतं. दादी उठून बसल्या, "अरे कौनसा कझन? मामूज़ाद? खालाज़ाद?" कुणालाच माहीत नाही. शेवटी घरात ठरलं, भिवंडीचा मामूज़ाद असणार, त्याचंच येणं राहिलं होतं. दोघंजण गाडी घेऊन गेले, डिसेंबरची थंडी, अख्खा फलाट पालथा घातला, उंच, दाढीवाला पोरगा कुठेच नाही. आणि बाकावर शाल गुंडाळून, मांडीवर पोर घेऊन जी बाई तासभर बसली होती, तिच्यासमोरून हे दोनदा गेले! ती यांची फुफीज़ाद बहन, लग्नानंतर नऊ वर्षांनी येत होती, तोंडावर शाल, ओळखणार कसं? तिनेच शेवटी आवाजावरून हाक मारली. घरी आल्यावर दादींनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "अंग्रेजी में लड़का-लड़की एकीच होते क्या?"

आणि माझं म्हणणं, पाहुणा येणार असेल तर फोन करावा माणसाने, मेसेजवर सोपवू नये. बाईमाणूस पहाटे एकटी फलाटावर बसते, हे मला अजून खटकतं.

तर दादींच्या प्रश्नाचं उत्तर, हो, एकच. पुरुषही कझन, बाईही कझन. पुढे इंग्रजीतलं ही (he) किंवा शी (she) आलं की मगच कळतं. आपण कझन ब्रदर, कझन सिस्टर म्हणतो ते भारतातलं इंग्रजी, तिकडे नुसतं कझन चालतं. पुन्हा सांगतो, पुरुषही कझन, बाईही कझन. स्पेलिंगमधल्या एसचा उच्चार झ होतो, म्हणून उर्दूत काफ, ज़े, नून, तीनच अक्षरांत लिहितात.

आणि एक सांगायचं राहिलं, हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिन, कोन्सोब्रिनुस, तिथे त्याचा अर्थ आधी आईच्या बहिणीचं मूल असाच होता. म्हणजे चक्क खालाज़ाद. मी हे दादींना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, "फिर खालाज़ाद ही बोलते ना!"