एअर फ्रायरमध्ये छा सिऊ: साखर कधी लावायची, तिथंच सगळं ठरतं

नमस्कार मंडळी. आज बोलायच्या आधी हा तुकडा दाखवते. (कॅमेरा जवळ.) वरून गडद लाल, चकचकीत. आणि ही कड बघा, जिथं मांस निमुळतं झालंय, तिथं जवळजवळ काळी पडलीय. ही काळी कड चुकून झालेली नाही. हाँगकाँगच्या दुकानात लोक मुद्दाम सांगून करपल्या कडेचे तुकडे मागून घेतात. हा छा सिऊ. कॅन्टनी, म्हणजे दक्षिण चीनमधल्या हाँगकाँग-ग्वांगडाँगकडच्या पद्धतीनं भाजलेलं पोर्क, आणि हे मी घरच्या एअर फ्रायरमध्ये केलंय.

आधी नाव. इंग्रजी अक्षरांत लिहिताना त्यात एक 'र' घुसतो, म्हणून आपल्याकडे बरेच जण 'चार सिऊ' म्हणतात. तो 'र' उच्चारायचा नसतो. छा म्हणजे काटा आणि सिऊ म्हणजे भाजणं. लांब काट्यांना मांसाच्या पट्ट्या टोचून विस्तवावर धरायच्या, त्यावरून हे नाव पडलं. आता दुकानांमध्ये पट्ट्या आकड्यांना अडकवून पिंपासारख्या उंच भट्टीत टांगतात. त्या स्टीलच्या भट्टीला तिकडे चक्क अंतराळ-भट्टी म्हणतात.

अशा दुकानाच्या काचेमागे छा सिऊच्या पट्ट्या, भाजलेली हंसं, कुरकुरीत सालीचं पोर्क असं सगळं ओळीनं टांगलेलं असतं. आत गोल लाकडी ठोकळ्यावर सुरा चालू असतो. टक टक टक. एका पट्टीचे दहा-बारा काप होतात, त्याच रुंद सुऱ्याच्या पात्यावर ते एकदम उचलले जातात आणि वाफाळत्या भातावर येतात. वर पळीभर सॉस, बाजूला उकडलेली हिरवी भाजी. गिऱ्हाईक सांगतं, 'पून फेइ साउ', म्हणजे अर्धं चरबीचं, अर्धं बिनचरबीचं. या तीन शब्दांकडे मी मांस निवडताना परत येणार आहे.

हा पदार्थ तिथं किती रोजचा आहे, ते एका बोलण्यावरून कळतं. आईबाप पोरावर चिडले की म्हणतात, तुला जन्म देण्यापेक्षा छा सिऊचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं झालं असतं. आपल्याकडे 'धोंडा जन्माला आला असता तर धुणं तरी धुतलं असतं' म्हणतात ना, अगदी तसंच. मला हे ऐकून तो पदार्थ एकदम जवळचा वाटायला लागला होता.

आता एअर फ्रायर. नावात फ्रायर असलं तरी त्यात तळलं काहीच जात नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यामागे जोरात फिरणारा पंखा, खाली जाळीची टोपली. म्हणजे तो एक छोटा, वाऱ्याचा ओव्हन आहे. भट्टीत टांगलेल्या मांसाभोवती जशी गरम हवा फिरते आणि चरबी खाली ठिबकते, साधारण तेच इथं होतं. म्हणूनच मला हा पदार्थ एअर फ्रायरला शोभतो असं वाटतं. पण एक अडचण आहे. भट्टीत पट्टी उभी लटकते, आपल्याकडे ती आडवी पडते, आणि कॉइल तिच्या डोक्यावर जेमतेम चार बोटांवर असते. आणि आपण त्या कॉइलखाली काय ठेवतोय? साखरेनं माखलेलं मांस.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी नेमकी इथंच चुकले. मसाल्यात मध घातला, वरून अजून मध चोपडला, आणि थेट 200 अंशांवर लावून दिलं. आठव्या मिनिटाला स्वयंपाकघरात धूर. पट्ट्या बाहेर काढल्या तर वरून कोळसा, आणि कापल्यावर मधोमध कच्च्या, हाताला गार. मांसाला शिजायला वेळ लागतो आणि साखरेला तेवढा वेळ सोसत नाही. आजची सगळी कृती या एका गोष्टीभोवती आहे. आधी मांस शिजवायचं, कमी आचेवर. साखरेचा लेप अगदी शेवटी, मोठ्या आचेवर, थोडी मिनिटं.

मांसाकडे येऊ. पुष्कळ जण यासाठी टेंडरलॉइन, म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा मऊ भाग घेतात, कारण ते स्वच्छ दिसतं, कापायला सोपं असतं. मी घेऊ नका म्हणेन. त्यात चरबी नाही, एअर फ्रायरच्या वाऱ्यात ते सुकून दोरीसारखं होतं. हवं ते 'पून फेइ साउ'. पोर्कवाल्याला सांगा, खांद्याचं द्या, मानेकडच्या बाजूचं, हाड काढून. त्या भागात चरबी थराथरानं न येता मांसाच्या आत रेषारेषांनी पसरलेली असते. (तुकडा उभा धरून दाखवा.) ह्या पांढऱ्या रेषा दिसतायत? भाजताना ह्याच विरघळतात आणि मांस आतून ओलं राहतं.

माझा चार लिटरचा एअर फ्रायर आहे, त्यात 700 ग्रॅम नीट बसतं. जास्त कोंबलं तर हवा फिरत नाही आणि मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं. पट्ट्या धाग्याच्या दिशेनं लांब कापा, साधारण चार सेंटीमीटर जाड. पातळ कापल्या तर बाहेर रंग चढेपर्यंत आतलं कोरडं होतं.

मुरवणासाठी, 700 ग्रॅमला: साखर तीन मोठे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा, हॉइसिन सॉस दोन मोठे चमचे, लाइट सोया सॉस दीड मोठा चमचा, ऑयस्टर सॉस एक मोठा चमचा, चार पाकळ्या लसूण ठेचून, पांढरी मिरपूड चिमूटभर, तिळाचं तेल छोटा चमचा. हॉइसिन म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा दाट, गोडसर सॉस. तो आता मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतो, आणि त्याला पर्याय म्हणून टोमॅटो केचप वापरू नका. चव वेगळ्याच गावाला जाते.

कॅन्टनी स्वयंपाकी यात गुलाबाची दारू घालतात. ज्वारीच्या कडक दारूत गुलाबाच्या पाकळ्यांचा वास उतरवलेला असतो. ती आपल्याकडे मिळणं कठीण. मी एक मोठा चमचा व्होडका आणि त्यात अर्धा छोटा चमचा गुलाबपाणी घालते. दारू नको असेल तर नुसतं गुलाबपाणी घाला, पण थोडंच. जास्त झालं की गुलकंद खाल्ल्यासारखं लागतं.

आता पंचमसाला, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. त्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि सिचुआन मिरी असते. पहिल्या चार वस्तू आपल्या डब्यात असतात. पाचवी? (हातावर घेऊन दाखवा.) हे आपलं तिरफळ. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या हुमणात घालतात ते. सिचुआन मिरी ही तिरफळाची सख्खी नातेवाईक आहे, दोन्ही एकाच कुळातली आणि एकाच प्रजातिगटातली झाडं. दोन्हीचं फळ उकललं की आत काळी, चकचकीत बी असते. ती टाकून द्यायची, टरफल तेवढं वापरायचं. जिभेला तीच झिणझिणी येते. वासात फरक आहे, तिरफळ जास्त लिंबासारखं आणि उग्र, म्हणून मी सिचुआन मिरीच्या निम्मंच घेते. दोन चक्रीफुलं, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चार लवंगा, छोटा चमचा बडीशेप आणि तीन तिरफळांची टरफलं कोरड्या तव्यावर किंचित गरम करा आणि दळा. यातला पाऊण छोटा चमचा घालायचा, बाकीचा बाटलीत भरून ठेवा.

लाल रंग पूर्वी लाल यीस्ट-तांदळानं यायचा. तांदळावर एक विशिष्ट बुरशी वाढवतात, तो गडद किरमिजी होतो. आंबवलेल्या लाल टोफूतही तोच रंग असतो, आणि तो टोफू मिळाला तर एक वडी मुरवणात जरूर चुरा, त्याची खारट, मुरलेली चव दुसऱ्या कशानं येत नाही. बऱ्याच दुकानांत आज सरळ खायचा रंग वापरतात. मी रंग घालत नाही. सोया आणि हॉइसिननं जो तपकिरी-लाल येतो तो मला पुरतो. काश्मिरी मिरचीचा मोह आवरा, तिच्यानं ह्याची तंदुरी होते.

सगळं मुरवण एकत्र करून त्यातलं तीन मोठे चमचे आधीच वेगळं काढून ठेवा, मांस लागायच्या आधी. हे भातावरच्या सॉससाठी. कच्चं मांस ज्यात भिजलं ते मुरवण तसंच वर ओतायचं नाही, हे कटाक्षानं पाळा. मांस फ्रिजमध्ये रात्रभर. चार तासांत मीठ वरवर लागतं, रात्रभरात आत जातं.

दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी बाहेर काढा. पट्ट्या उचलून मुरवण निथळू द्या आणि लसणाचे चिकटलेले तुकडे बोटानं पुसून टाका, कारण सगळ्यात आधी तेच करपतात आणि कडू होतात. टोपलीखालच्या भांड्यात अर्धी वाटी पाणी घाला. ठिबकणारी गोड चरबी तापल्या भांड्यावर पडली की धूर होतो, पाण्यात पडली की होत नाही. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत पाणी चालतं का, तेवढं एकदा बघून घ्या.

आता 160 अंशांवर दहा मिनिटं. उलटा. परत दहा मिनिटं. या वेळी मांस फिकट, निस्तेज दिसेल, घाबरू नका. थर्मामीटर सगळ्यात जाड जागी खुपसा. 65 च्या आसपास आलं की लेपाची वेळ झाली. नसेल आलं तर अजून तीन-चार मिनिटं द्या.

लेप. खरा लेप माल्टोजचा असतो, धान्याला मोड आणून केलेली घट्ट साखर. चमचा उभा केला तर उभा राहतो इतकी घट्ट. ती साध्या साखरेपेक्षा कमी गोड असते आणि करपायलाही जास्त आच लागते, म्हणून दुकानातल्या छा सिऊला काचेसारखी चमक येते आणि तरी तो घशाशी बसत नाही. मध याच्या उलट वागतो. त्यात फ्रुक्टोज भरपूर, आणि ती साखर 110 अंशांपासूनच रंग बदलायला लागते. मग काय करायचं? केकचं सामान मिळतं त्या दुकानात लिक्विड ग्लुकोजची डबी मागा. त्यात माल्टोजही असतं. एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज, एक मोठा चमचा मध आणि दोन छोटे चमचे गरम पाणी. मध वासासाठी, ग्लुकोज चमक आणि धीर यांच्यासाठी.

तापमान 200 करा. लेप ब्रशनं लावा, तीन मिनिटं. उलटा, लेप, तीन मिनिटं. आता मशीन सोडून कुठंही जायचं नाही. (टोपली उघडून दाखवा.) हे बघा, साखरेचे बारीक बुडबुडे येतायत, आणि ही निमुळती कड रंग बदलतेय. तपकिरी, मग विटकरी, मग हा काळा ठिपका. अजून एक लेप, अजून दोन मिनिटं. कड काळी आणि अंग लाल दिसलं की थांबा.

आत 75 अंश हवेत. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला अखंड तुकड्यासाठी 63 अंश आणि मग तीन मिनिटं विश्रांती असा आहे. मी तिथं थांबत नाही. एक तर खांद्याच्या मांसातले चिवट धागे 70 च्या पुढं सैल व्हायला लागतात, त्याआधी ते रबरासारखं लागतं. आणि दुसरं, अर्धकच्च्या पोर्कमधून पोटात फीतकृमी जाऊ शकतो. पोर्क माहितीच्या, स्वच्छ दुकानातूनच घ्या आणि पूर्ण शिजवा.

बाहेर काढल्यावर उरलेला लेप एकदा फिरवा आणि दहा मिनिटं ताटात तसंच राहू द्या. लगेच कापलं तर सगळा रस पाटावर वाहतो. मग धाग्याला आडवं कापायचं, पेन्सिलीएवढ्या जाडीचे काप. वेगळं काढलेलं मुरवण पाव वाटी पाण्यात उकळा, ताटात साचलेला रसही त्यातच ओता, दोन मिनिटांत सॉस तयार.

भात मात्र बासमती नको. मोकळा शीत त्याच्यावर सॉस धरून ठेवत नाही. आपला आंबेमोहर किंवा इंद्रायणी जरा आसट शिजवा, तो फार छान लागतो. वर काप, सॉस, आणि कडा कुरकुरीत झालेलं एक तळलेलं अंडं. पिवळा बलक फुटून सॉसमध्ये मिसळतो तेव्हा मी कुणाशी बोलत नाही.

जपानी रामेनवर जे चाशू येतं, त्याचं नाव यावरूनच आलं, पण ते बहुतेक वेळा गुंडाळून, सोयाच्या रश्शात मंद शिजवलेलं असतं. भाजलेलं नसतं, त्यामुळे ही कृती त्याला लावू नका.

उरलेलं फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. गरम करायला परत एअर फ्रायरमध्ये टाकायचं असेल तर 150 वर तीन-चार मिनिटं, आणि वरून फॉइल घट्ट गुंडाळून, म्हणजे वाऱ्यानं उडून कॉइलला लागणार नाही. नाहीतर बारीक चौकोनी तुकडे करा, कांद्याच्या पातीबरोबर शिळ्या भातात परता. त्या भातात आलेला करपल्या कडेचा तुकडा आमच्या घरी सगळे ताटात शोधत बसतात.