तारलीची गाभोळी

कराडचा मासळी बाजार. मे सरत आलाय. रात्रीत कुंभार्ली घाट चढून आलेला बर्फाचा क्रेट मावशींनी आत्ताच फोडला. तारलीचं पोट विळीवर धरलं, एकदाच ओढलं. आत गाभोळीची, म्हणजे अंड्यांनी भरलेल्या पिशव्यांची, पिवळसर, लांबट जोडी.

"दादा, भरल्याली हाय, घ्या. एक तारखंपासनं बोटी बंद."

१ जूनपासून महाराष्ट्रात यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात. खवळलेला दर्या हे एक कारण, ही गाभोळी दुसरं.

कृष्णा-कोयनेच्या काठी चढणीचे मासे कुणाला सांगायला नकोत. पहिला गढूळ लोंढा आला की मासा उलटा ओढ्यात घुसतो, पाटणकडं तर भाताच्या खाचरात सापडतो. तारलीला ओढा नाही, खाचर नाही. तिची अंडी उघड्या पाण्यावर तरंगतात आणि साधारण दिवसाभरात फुटतात. पिल्लाच्या पोटाला बांधलेली शिदोरी फार तर दोन-चार दिवसांची. ती संपायच्या आत आजूबाजूला चारा हवाच.

तो चारा पिकतो मान्सूनच्या वाऱ्यावर. केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या कडेनं वारा उत्तरेकडून वाहू लागला, की वरचं कोमट पाणी किनारा सोडून खोल समुद्राकडं सरकतं. पृथ्वी फिरते म्हणून ते वाऱ्याच्या उजवीकडं वळतं. रिकाम्या जागी तळाचं गार, कसदार पाणी वर येतं. आपल्याकडची खोल नांगरटच म्हणा! मग डायटम हे सूक्ष्म शेवाळ माजतं, त्यावर बारीक जीव वाढतात आणि त्या सगळ्यावर तारलीची पिल्लं. रत्नागिरीपर्यंत येता येता ही उलथापालथ बरीच मंदावते.

पण जास्त नांगरलं म्हणून जास्त पिकतं, असं तिथंही नाही. तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी. ते फार वर चढलं तर मासाच जागा सोडतो. वारा बेफाम झाला तर पिल्लं चाऱ्यापासून लांब वाहून जातात.

२०१२ साली केरळात सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. उपसा भरमसाट होताच. पण कोचीच्या सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मासेमारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१५ च्या एल निनोकडंही, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याच्या घटनेकडंही, बोट दाखवलं. इकडचंही पाणी तापलं, तारलीची घडी विस्कटली.

जून उजाडतो. घाटात धुकं, बाजारात चिखल. मावशींच्या पाटीत आता सुके बोंबील, सुकट आणि कोयनेचा एखादा मरळ.

"तारली?"

"आता पावसाळा सरल्यावर. आली तर."