कुकर घ्यायला जाताना बरणी सोबत न्या

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात आंबा, फणस, कोकम सगळं एकदम घरात येतं आणि एक प्रश्न हमखास कानावर पडतो. नवा कुकर घ्यायचाच आहे, तर असा घेऊ का, की ज्यात रोजचा वरणभातही होईल आणि भाजी, रस बाटलीबंद करून वर्षभर ठेवताही येईल?

उत्तर आधीच सांगते. रोजचा कुकर वेगळा, बाटल्यांचा वेगळा. एका कुकरात दोन्ही बसवायला गेलं की रोजचं काम अवघडतं आणि बाटल्यांचं काम धोक्याचं होतं.

माझ्या मामींची गोष्ट सांगितल्याशिवाय हे नीट कळायचं नाही. मामी संगमेश्वरच्या. मुलगी अमेरिकेत, ओहायोत. मामी तिच्याकडे गेल्या तेव्हा शेजारच्या बाईंनी त्यांना आपल्या स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर भलंमोठं जाड पातेलं, झाकणावर दाब दाखवणारा काटा, आणि आत जाळीवर उभ्या ठेवलेल्या श्रावणघेवड्याच्या बरण्या. त्याला तिकडे कॅनर म्हणतात. मामी स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि सगळं बघून घेतलं. झाकण लावल्यावर त्या बाईंनी वाफेच्या नळीवरचं वजन लगेच ठेवलं नाही. दहा मिनिटं वाफेची सरळ धार जाऊ दिली, म्हणजे आतली हवा निघून गेली. हवा आत राहिली, तर काटा दाब दाखवतो पण उष्णता तेवढी चढत नाही. मग वजन ठेवलं, काटा 11 पौंडांवर आणला, आणि तिथून पुढे घड्याळ लावून 25 मिनिटं. तेवढा वेळ त्या बाई गॅससमोरून हलल्या नाहीत. आच थोडी कमी, थोडी जास्त, पण काटा 11 च्या खाली येऊ दिला नाही. नंतर गॅस बंद केला आणि कुकर आपोआप निवू दिला. नळाखाली धरणं नाही, वाफ काढणं नाही.

मामी परत आल्या त्या कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या, भाजीच्या बरण्या भरायच्या असं ठरवूनच. मुलगी आली की तिला मोसम नसतानाही भाजी मिळावी, एवढंच मनात. पुण्याला आमच्याकडे उतरल्या आणि मला घेऊन तुळशीबागेत निघाल्या. पिशवीत लिटरभराची काचेची बरणी आणि एक जाळी! दुकानदाराने पाच लिटरचा कुकर पुढे केला. मामींनी तळाशी जाळी ठेवली, वर बरणी उभी केली, झाकण लावून पाहिलं. लागेना. त्याने आणखी मोठा काढला. झाकण लागलं, पण बरण्या चार काही मावेनात. शेवटी त्याने माळ्यावरून हॉटेलवाले नेतात तसला मोठा कुकर उतरवला. त्यात चार बरण्या सहज उभ्या राहतील असं दिसत होतं. दुकानदाराला वाटलं, झालं काम.

मामींनी विचारलं, "काटा कुठाय?"

"काकू, काटा कशाला? शिटी होते की."

मामी म्हणाल्या, "अहो, शिटी झाली म्हणजे दाब सुटला. मला टिकलेला दाब हवाय."

श्रोतेहो, टिकलेला दाब. याच्याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आपला शिटीचा कुकर दाब साठवतो, उसळून सोडतो, पुन्हा साठवतो. डाळ शिजायला तेवढं पुरतं. बरणीच्या मधोमध पोचायला मात्र उष्णता सारखी धरून ठेवावी लागते. (आणि शिटीवरून आठवलं: शिट्ट्या मोजून स्वयंपाक करणं सोडा. आच मोठी असली की शिट्ट्या भराभर होतात, बारीक असली की होतच नाहीत. पहिल्या शिटीनंतर आच कमी करा आणि मिनिटं मोजा. गॅस वाचतो, डाळही फुटून बाहेर येत नाही.)

मामींनी तो मोठा कुकर घेतला नाही. घरासाठी पाच लिटरचा घेतला आणि कुयऱ्या चिरून, वाफवून फ्रीजरमध्ये ठेवायला लागल्या.

आता कारण. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू मातीत असतो. त्याचे बीजाणू (म्हणजे कवचात झोपून राहिलेलं त्याचं रूप) उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवाबंद बरणीत, आंबटपणा नसलेल्या भाजीत ते वाढतात आणि जीवघेणं विष तयार करतात. पुष्कळदा त्याला वासही नसतो, चवही नसते. त्यांना मारायला 116 ते 121 अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि ती दाबाखालीच मिळते. म्हणून भाज्या, डाळी, मासे, मटण यांना कॅनरच हवा. आंबट पदार्थांना नको. जॅम, सायट्रिक अ‍ॅसिड घातलेला आमरस, लिंबाचा रस घातलेला टोमॅटो, यांच्या बरण्या साध्या खोल पातेल्यात, पाण्यात बुडवून उकळल्या की पुरे. पुन्हा सांगते: आंबट असेल तर पातेलं, आंबट नसेल तर कॅनर.

कॅनर घ्यायचाच असेल, तर अमेरिकेच्या कृषी खात्याचं माप लक्षात ठेवा. लिटरभराच्या निदान चार बरण्या जाळीवर उभ्या राहून झाकण लागलं पाहिजे. त्याहून लहान कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, आणि बरण्या किती मिनिटं ठेवायच्या त्या हिशेबात तापण्या-निवण्याचा वेळही धरलेला असतो. काट्याचा असेल तर काटा दरवर्षी तपासून घ्या. वजनाचा असेल, म्हणजे काट्याऐवजी वजनाने दाब राखणारा, तर गावाची उंची बघा: समुद्रसपाटीपासून हजार फुटांपर्यंत 10 पौंड, त्याच्या वर 15. रत्नागिरीला 10 चालतील, पुण्याला 15 लागतील. विजेचे बटणवाले कुकर या कामाला नकोत.

रोजच्या कुकरचं तुम्हाला ठाऊकच आहे. चौघांना पाच लिटर, दोघांना तीन. आयएसआयची खूण पाहा, 2021 पासून ती सक्तीची आहे. गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे घ्या. रस्त्यावरच्या स्वस्त व्हॉल्व्हने दहावीस रुपये वाचतील, पण जास्त दाब झाला की घर वाचवतो तो सेफ्टी व्हॉल्व्हच. डाळ-तांदूळ अर्ध्याच्या वर भरू नका.

आणि कुणी घरची बाटलीबंद भाजी भेट दिली, तर झाकण फुगलंय का, कडेने गळतंय का ते पाहा. तसं असेल तर चाखूनसुद्धा बघू नका, टाकून द्या. चांगली दिसली तरी खाण्याआधी दहा मिनिटं खळखळून उकळा. नमस्कार.