साडेसहाशे शब्द

(दिवाळी मेळाव्यात बोलले ते. वेबसाइटसाठी थोडं कापलंय, माईक मध्येच बंद पडला तो भाग काढलाय.)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय का? नाही आलं तरी चालेल, तुम्ही तसेही वड्यांच्या लाइनीत नंबर धरून उभे आहात, मला इथून दिसतंय.

कमिटीने मला विषय दिला होता 'आपली पुढची पिढी', आणि वेळ दहा मिनिटं. मी स्लाइड्स केल्या होत्या हो. मराठी शाळेतली पोरं, रोबोटिक्स, स्पेलिंग बी, सगळं टाकलं होतं. पण तीन आठवड्यांपूर्वी आमच्या घरात जे भांडण झालं त्यानंतर त्या स्लाइड्स मला स्वतःलाच बघवेनात, म्हणून आज नुसतीच बोलणार आहे.

तर मुलगी सीनियर इयरला, म्हणजे बारावीला आहे. कॉलेजच्या फॉर्मला निबंध लागतो, कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालतो त्या एकाच फॉर्मचा, जास्तीत जास्त साडेसहाशे शब्द, हे इथल्या निम्म्या आयांना आपल्या रक्तगटापेक्षा जास्त पाठ आहे. तिने प्रिंट काढली आणि प्रिंटरवरच विसरली. मी वाचली. (कोण ते हसतंय? तुमची नववीत आहे ना, तीन वर्षांनी भेटू.)

पहिलं वाक्य असं की मी आयुष्यात जिला पहिल्यांदा आई म्हटलं ती माझी आजी होती. आणि दुसरं वाक्य, दोन वर्षांची असताना एअरपोर्टवर एक बाई मला घ्यायला आली तेव्हा मी आजीच्या साडीमागे लपले.

ती बाई म्हणजे मी.

आता तुम्ही सांगा, आपण 'माझी आई' किती वेळा लिहिला असेल? चौथीत, सातवीत, परत नववीत, तोच. माझी आई पहाटे लवकर उठते, ती सुगरण आहे, ती आम्हाला चांगल्या सवयी लावते. माझी आई काही पहाटे वगैरे उठायची नाही, बाबा दूध तापवायचे, पण मी लिहिलं उठते आणि दहापैकी आठ मिळाले. दोन मार्क अक्षराचे गेले. आणि इकडे माझी पोरगी साडेसहाशे शब्दांत खरं लिहून बसली.

खरं म्हणजे २००८-०९ चे दिवस. नवऱ्याची नोकरी गेलेली, माझी जाईल की राहील माहीत नाही, डे केअरचा खर्च घरभाड्याच्या जवळपास. आठ महिन्यांची होती, आईकडे नाशिकला सोडून आले. म्हटलं तीन महिने. त्याचे सतरा झाले. इथे मंडळात कुणी विचारलं की सांगायचे, आजीकडे जरा राहायला गेलीय. मी हात वर करायला सांगत नाही, पण या हॉलमध्ये मी एकटी नाहीये हे मला माहितीये.

तर भांडण. मी म्हटलं घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? कोण कुठले अ‍ॅडमिशनवाले, त्यांना आपलं उणंदुणं कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, "मूठ म्हणजे फिस्ट? पण आपण कुणाला मारतोय?" मी समजावून सांगितलं, तशी म्हणाली, "आई, यू आर सच अ नॅन्सी." आणि दार लावून घेतलं.

आता हे नॅन्सी प्रकरण. ऑगस्टमध्ये आम्ही माझ्या आईला सिमी व्हॅलीला राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगनची लायब्ररी, म्हणजे म्युझियमच, दाखवायला नेलं होतं. तुमचे पण पाहुणे आले की तिसऱ्या वीकेंडला हेच असतं, डिस्ने झालं, युनिव्हर्सल झालं, बालाजी झाला, आता कुठे नेऊ. आईला ते एअर फोर्स वन आवडलं. सात राष्ट्राध्यक्षांनी वापरलेलं विमान, आणि आई आत शिरून म्हणते, अगं सीटा तर आपल्या एशियाड बससारख्याच आहेत. बर्लिनच्या भिंतीचा तुकडा बघितला, मग रेगनच्या बायकोचे, नॅन्सीचे, लाल ड्रेस बघितले, आणि तिथे आईने आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "हिला मुलंबाळं काय? मुलगी काय करते?"

बाहेर दोघा नवराबायकोच्या समाधीपाशी बसून आम्ही तिघींनी फोनवर शोधलं मुलगी काय करते. शोधलं नसतं तर बरं झालं असतं.

मुलगी पॅटी. जन्म १९५२ चा. आडनाव रेगन, पण लावते डेव्हिस, म्हणजे आईचं माहेरचं. बाप आधी कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर, मग १९८१ ते १९८९ राष्ट्राध्यक्ष, आणि ही अण्वस्त्रांच्या विरोधातल्या सभांमध्ये. आई देशभर शाळांमधून ड्रग्जला नाही म्हणा सांगत फिरतेय आणि मुलगी नंतर सांगते की मी त्या वयात घेत होते. १९८६ मध्ये पॅटीने कादंबरी लिहिली, एका राजकारण्याच्या मुलीची. नावं बदललेली, पण कोण कोण आहे ते अख्ख्या वॉशिंग्टनला कळलं. बरं नॅन्सीही गप्प बसणाऱ्यातली नाही, व्हाइट हाउस सोडल्यावर १९८९ मध्ये तिने स्वतःचं पुस्तक काढलं. त्याच्या अर्पणपत्रिकेत नवऱ्याबद्दल लिहिलंय की त्याने मला नेहमी समजून घेतलं, आणि मुलांबद्दल लिहिलंय की ती समजून घेतील अशी आशा आहे. बघा म्हणजे. अर्पणपत्रिकेतसुद्धा टोमणा, ही बाई आपल्यातलीच कुणाची तरी आत्या असणार असं मला तेव्हाच वाटलं. मग १९९२ मध्ये पॅटीचं उत्तर आलं, या वेळी कादंबरी नाही, सरळ आत्मकथन. आई मला मारायची, आई गोळ्यांवर असायची, असं तिने त्यात लिहिलं. आणि १९९४ मध्ये तर प्लेबॉयमध्ये फोटो. हे मी माझ्या आईला वाचून दाखवताना पुढे ढकललं, पण नात होती ना, तिने बरोबर मराठीत सांगितलं. आजी म्हणाली, "अगंबाई, आणि सासरचे?"

त्यात मला जे लागलं ते वेगळंच होतं. ऑक्टोबर १९८७. नॅन्सीला ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर नऊ दिवसांत तिची आई वारली, एडिथ, अ‍ॅरिझोनात. आणि पॅटी अंत्यविधीला गेली नाही. स्वतःच्या आजीच्या. अख्ख्या देशाने वाचलं. मी तिथे त्या कठड्यावर बसून पॅटीला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे नाही सांगत, मुलं आहेत.

पण थांबा. ही एडिथ कोण? नाटकातली नटी. नॅन्सी लहान असताना नवऱ्यापासून वेगळी झाली, पोट भरायला नाटकाचे दौरे करणं भाग होतं, आणि मुलीला ठेवलं बहिणीकडे, मेरीलँडमध्ये बेथेस्डाला. साधारण सहा वर्षं! पुढे १९२९ मध्ये एडिथने शिकागोच्या एका सर्जनशी लग्न केलं तेव्हा कुठे पोर आईकडे आली. नॅन्सीने स्वतःच लिहिलंय की मावशीकडे असताना तिला न्यूमोनिया झाला होता, चार-पाच वर्षांची होती, मावशीने सगळं केलं पण आई दौऱ्यावर, आणि छोटी नॅन्सी रडत रडत म्हणाली की मला मुलगी झाली आणि ती आजारी पडली तर मी तिच्याजवळ असेन.

हे वाचल्यावर माझ्या आईने माझ्याकडे बघितलं आणि मी पार्किंग लॉटकडे. कारण नाशिकला असताना आमच्या बाळाला न्यूमोनिया नाही पण चिकनगुनिया झाला होता, आणि मी कळल्याबरोबर स्काइप लावला. स्काइप.

मी काही मानसशास्त्रवाली नाही, मी टेस्टिंगमध्ये आहे, बग शोधते, दुरुस्त दुसरे करतात. पण मला एक गोष्ट खटकली. नॅन्सीने आपल्या आईबद्दल जन्मभर एक वाकडा शब्द काढला असेल असं मला तरी कुठे सापडलं नाही. आईचं कौतुकच. सहा वर्षं आई नव्हती पण मूठ झाकलेली. मग ती मूठ गेली कुठे? पुढच्या पिढीच्या पाठीत बसली की काय? असं ठरवून टाकणं बरोबर नाही, घराघरात हजार गोष्टी असतात, पॅटीही काही गरीब गाय नव्हती. पण त्या दिवसापासून मला ती म्हण म्हणताना जीभ जरा अडते.

आता जरा रागावते, रागवा माझ्यावर नंतर. आपल्या ग्रुपवर अ‍ॅडमिशन झाली की चाळीस फुलांचे गुच्छ येतात. स्टॅनफर्ड, बर्कली, एखादी कार्नेगी मेलन. आणि कुणाचा मुलगा दोन वर्षं दिवाळीला आला नाही की आपण विचारतो काय करतो हल्ली, आणि ते म्हणतात बिझी आहे. बिझी! आपल्या मंडळाचा सगळ्यात मोठा शब्द आहे तो. गणपतीच्या आरतीनंतर ज्या काकूंच्या डोळ्यात पाणी येतं त्यांना आपण धुराने आलं म्हणतो, आणि या हॉलमध्ये तर उदबत्तीसुद्धा लावू देत नाहीत, फायर अलार्म वाजतो. धूर कुठला?

मुलांनी घरात काही म्हटलं की आपण त्यांना विमानाच्या तिकिटाची, ग्रीन कार्डाच्या रांगेची, चाळीतल्या दोन खोल्यांची गोष्ट सांगतो. मी सांगते. इतक्या वेळा सांगितलीय की मुलगी आता ओठ हलवून माझ्याबरोबर म्हणते. तिची गोष्ट ऐकायला मी बसलेच नव्हते, म्हणून तिने ती बोस्टनमधल्या कुणा अनोळखी माणसाला लिहून पाठवायची ठरवली.

तर भांडणानंतर मी जरा हुशारी केली. पॅटीचं पुढचं वाचलं. वडिलांना अल्झायमर झाल्याचं १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं आणि मायलेकी जवळ आल्या. वडील २००४ मध्ये गेले. २०१६ मध्ये नॅन्सी गेली, ९४ व्या वर्षी, तेव्हा तिथेच सिमी व्हॅलीला पॅटी तिच्यावर बोलली आणि तिने काहीही गोड केलं नाही, आमचं जमत नव्हतं हे सांगितलं, आम्ही एकमेकींशी कधी मवाळ नव्हतोच असं म्हणाली. आणि २०२३ मध्ये इंग्लंडच्या त्या राजपुत्र हॅरीचं घरातल्या गोष्टी सांगणारं पुस्तक आलं तेव्हा तिने पेपरात लेख लिहिला की मला आता वाटतं तेव्हा मी गप्प राहायला हवं होतं, प्रत्येक खरी गोष्ट जगाला सांगायलाच पाहिजे असं नाही.

झालं! मी लगेच लिंक पाठवली मुलीला. वर अंगठा वगैरे काही नाही. रात्री अकराला खाली आली, फ्रिज उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ती सेव्हंटीची झाल्यावर म्हणाली. आधी लिहून झाल्यावर. आणि नंतर आईबाबांना पत्र म्हणून अजून एक पुस्तक पण काढलं. ते लिंकमध्ये नव्हतं." मी बघितलं, खरंच आहे, २०२४ मध्ये.

माझी आई जागीच होती. तिला इंग्रजी निबंध झेपणार नाही पण आपल्याबद्दल काहीतरी लिहिलंय एवढं कळलेलं, कौतुकाने म्हणाली, वाच की गं मला मराठीत. आणि ही वाचायला लागली. तिचं मराठी तुम्हाला माहितीये, 'माझा भूक लागला' वालं, मराठी शाळेची चार वर्षांची फी तिथे दिसते. अडखळत अडखळत साडीपर्यंत आली. मी ओट्याकडे तोंड करून एकच भांडं घासत होते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग मला म्हणाली, "ती मला आई म्हणायची. मी कधी दुरुस्त केलं नाही. तुला फोनवर सांगायचे, तुझ्या फोटोला आई म्हणते. तसं नव्हतं."

सतरा वर्षं झाकलेली. माझ्या आईची.

मुलगी म्हणाली, हे मी अ‍ॅड करू का? मी म्हटलं शब्द बसतील का साडेसहाशेत, आणि लगेच वाटलं की हे काय विचारतेय मी. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि वर गेली.

अर्लीची, म्हणजे लवकरच्या अर्जाची तारीख १ नोव्हेंबर आहे. आईचं परतीचं विमान ३ तारखेला, सहा महिने संपतात. निबंध कुठला जाणार आहे ते मला माहीत नाही. एक नवीन ड्राफ्ट आहे, बास्केटबॉलवर, असं नवऱ्याकडून कळलं, आणि खरं सांगते, पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, मग रात्रभर झोप नाही.

बाकी आज हे इथे बोलायला मी तिची परवानगी घेतलीय. म्हणाली बोल, पण वेबसाइटवर टाकायच्या आधी मला दाखव, मी फॅक्ट चेक करेन. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की दोनशे लोकांपुढे माईकवर बोलणारी मी आणि चव्हाट्याचं लेक्चर तिला.

ती आज आली नाहीये. सकाळपासून चौघांनी विचारलं. मी सांगितलं, बिझी आहे.