तुम्ही इथे कशाने आलात?

मागे एकदा असंच व्याख्यान झालं. तासभर मी कोळसा, पेट्रोल आणि नैसर्गिक वायू यांच्यातून बाहेर कसं पडायचं, यावर बोललो. प्रश्नोत्तरांच्या वेळी शेवटच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही इथे कशाने आलात?" मी म्हणालो, "मोटारीने. पेट्रोलच्या. आणि एकटाच." सभागृहात हशा पिकला, टाळ्याही पडल्या. टाळ्या त्यांना होत्या. खरं उत्तर मला परतीच्या वाटेवर, त्याच मोटारीत, निम्मंअर्धं सुचलं. बाकीचं आज मांडून बघतो.

आधी माझा गुन्हा पुरता कबूल करतो, कारण मोटार ही त्यातली किरकोळ बाब आहे. माझी सगळी नोकरी कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात गेली. तुमच्यापैकी फार थोड्यांनी चालू बॉयलरच्या आत पाहिलं असेल. भिंतीला एक लहानसं झाकण असतं. ते सरकवायचं, डोळ्यांसमोर गडद निळी काच धरायची आणि आत बघायचं. कोळसा तिथे ढेकळांच्या रूपात नसतोच. गिरणीत दळून त्याची तोंडाला लावायच्या पावडरीसारखी भुकटी केलेली असते आणि ती हवेच्या झोताबरोबर आत फुंकली जाते. त्यामुळे आत निखारे दिसत नाहीत, दिसतो हजार अंशांच्या कितीतरी वर तापलेला, घुमणारा उजेड. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर कोळशाच्या प्रतीप्रमाणे तासाला २०० ते ३५० टन कोळसा खातो. आणि त्यातली साधारण एक तृतीयांश उष्णताच तारेत जाते. उरलेली धुराड्यातून आणि वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या पाण्यातून निघून जाते. मी आयुष्यभर एकाची वीज करायला दोन वाया घालवत होतो, आणि हे काम नीट केलं म्हणून मला बढत्या मिळाल्या.

कंट्रोल रूममध्ये आमची नजर एका आकड्यावर असायची. ५० हर्ट्झ, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला पन्नास आवर्तनं. मागणी वाढली की तो ४९.९ कडे घसरतो, मागणी घटली की वर चढतो. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तो आकडा खाली सरकायला लागला की आम्ही कोळशाचा फीड वाढवायचो. एका घरात दिवा लागला तर आकडा हलत नाही, लाखो घरांत लागला की हलतो. दिवा लावणाऱ्याचं मत काय, तो पर्यावरणवादी आहे की नाही, याची त्या आकड्याला काही खबर नसते. वैयक्तिक वापराबद्दल कुणी वाद घालायला लागलं की मला अजून तो आकडा आठवतो.

आता आरोपाकडे येऊ. आपल्याकडे त्यासाठी तयार म्हणच आहे, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हण खरी आहे, पण ती पाषाणाबद्दल सांगते, ब्रह्मज्ञान खोटं असल्याचं म्हणत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पृथ्वी तापेल, हे स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये आकडेमोड करून मांडलं. मी मोटारीने आलो म्हणून ती आकडेमोड चुकत नाही, आणि चालत आलो असतो तर अधिक बरोबरही ठरली नसती.

पण मौज अशी की आरोपातून सुटायचा मार्गच कुणाला सापडत नाही. हवामानबदलावर जगभर बोलणारे अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांच्या घराचं वीजबिल २००७ मध्ये चर्चेत आलं, सरासरी अमेरिकन घराच्या वीसपट वीज वापरतात म्हणून. ठीक आहे, तो आरोप मला वाजवी वाटतो. पण २०१९ मध्ये हवामानासाठी आंदोलन करणारी ग्रेटा थुनबर्ग विमान टाळायचं म्हणून शिडाच्या नौकेतून इंग्लंडहून न्यूयॉर्कला गेली. पंधरा दिवस अटलांटिकवर, धड स्वच्छतागृहही नसलेल्या बोटीत. तर बातमी कशाची झाली? नौका परत आणायला काही खलाशी विमानाने न्यूयॉर्कला जाणार, याची! हिशेब म्हणून तीही चूक नाही. पण यातून एक गोष्ट कळते, की जोवर सगळं जग याच इंधनावर चाललंय, तोवर त्यातला एक माणूस पूर्ण स्वच्छ राहूच शकत नाही. आणि बोलायचा अधिकार फक्त स्वच्छ माणसालाच असेल, तर बोलायला कुणी उरतच नाही. हे काहींना सोयीचं आहे, ते कोण ते तुम्ही ओळखाल.

तरीही त्या गृहस्थांना मी उडवून लावणार नाही. २०१६ मध्ये संशोधक शाहझीन अत्तारी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हवामानाबद्दल सल्ला देणाऱ्या संशोधकाचा स्वतःचा ऊर्जावापर मोठा आहे असं कळलं, की ऐकणाऱ्यांचा त्याच्यावरचा विश्वास उतरतो आणि सल्ला पाळायची इच्छाही कमी होते, असं त्यात दिसलं. म्हणजे तर्काच्या वर्गात तो प्रश्न नापास होतो आणि माणसांत पास. माणसं वक्त्याच्या पायांकडे बघतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. आपण बघतो ते चुकीच्या ठिकाणी.

एक हिशेब करू. फोनचा चार्जर नुसताच भिंतीला लावून ठेवला, तर आजकालचा चांगला चार्जर एक दशांश वॅट किंवा त्याहूनही कमी वीज खातो. वर्षभर लावून ठेवला, तर एक युनिटसुद्धा होत नाही. आता पेट्रोल घ्या. एका लिटरमध्ये साधारण साडेनऊ युनिट ऊर्जा असते. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी मोटार धरली, तर चार्जरचा वर्षभराचा संयम दीड किलोमीटरमध्ये संपतो. वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जवळपास ०.६ युनिट लागतं, म्हणजे महिनाभर रोज फोन चार्ज करण्याएवढं. जो माणूस चार्जर काढायला तीनदा उठतो आणि मग पंधरा मिनिटं गरम पाण्याखाली उभा राहतो, तो ढोंगी नाही. त्याला कुणी आकडे सांगितलेले नाहीत, इतकंच. त्याला ढोंगी म्हणणं हा आळस आहे.

आता दुसऱ्या बाजूचं ऐका, कारण सगळं मनावर घेऊन काटकसर केली तरी किती साधतं, तेही पाहायला हवं. २०२० मध्ये ती परीक्षा आपोआप झाली. विमानं उभी, रस्ते ओस, कचेऱ्या बंद. एवढा त्याग कुठल्याही उपदेशाने घडवता आला नसता. त्या वर्षी जगाचं जीवाश्म इंधनांमुळे होणारं उत्सर्जन पाच-सहा टक्क्यांनी उतरलं. पुढच्याच वर्षी ते बहुतेक सगळं परत आलं. कारण आम्ही बॉयलर बंद केले नव्हते, फीड थोडा कमी केला होता. पोलाद, सिमेंट, खतं, वीज, सगळी यंत्रणा तीच होती.

मग यंत्रणा बदलते कशी? मला ओझोनचं उदाहरण आवडतं, कारण त्यात माणसाचा साधेपणाही आहे आणि त्याची मर्यादाही. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं, की फवाऱ्याच्या डब्यांतले आणि फ्रिजमधले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वर जाऊन ओझोनचा थर कुरतडतात. अमेरिकेत पुष्कळ लोकांनी ते डबे घेणं आपणहून सोडलं, बंदी त्यानंतर, १९७८ मध्ये आली. इथवर लोकांचं श्रेय. पण फ्रिज कुणी सोडला? कुणीच नाही. ओझोनबद्दल बोलणारे शास्त्रज्ञसुद्धा त्याच फ्रिजमधलं थंड पाणी पीत असणार. १९८७ मध्ये हे वायू हटवायचा आंतरराष्ट्रीय माँट्रिअल करार झाला आणि फ्रिजच्या आतला वायू बदलला. (पहिल्यांदा जे पर्यायी वायू आणले, ते उष्णता धरून ठेवण्यात भलतेच पटाईत निघाले. मग त्यांच्यासाठी २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला पुन्हा बसावं लागलं.) आज तुम्ही फ्रिज उघडता तेव्हा ओझोनचा विचारही करत नाही. सदाचार इतका बिनबोभाट झाला, की तुम्हाला पत्ताही लागला नाही.

नुसती कार्यक्षमता वाढवून मात्र भागत नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करायला लागली, तसा एकूण कोळसा जास्तच जळायला लागला. त्यामुळे दिवा नऊ वॅटचा झाला एवढ्यावर समाधान नको. त्याला वीज कशातून येते, हे बदलल्याशिवाय सुटका नाही.

आणि खरं ढोंग कुठे आहे, ते सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. जगात अजून सत्तर कोटींच्या आसपास माणसांच्या घरी वीजच नाही. ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळून घरं, रेल्वे, रुग्णालयं उभी केली, त्यांनी या माणसांना सांगायचं, की बाबांनो, आता तुम्ही जरा दमानं घ्या! हे म्हणणारा सायकलवरून फिरत असला, तरी तो माझ्या लेखी ढोंगीच.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. आठ वर्षांपूर्वी आमचा गिझर फुटला. त्याआधी कित्येक वर्षं मी हीट पंपावर भाषणं ठोकत होतो. साधा गिझर एक युनिट विजेतून एक युनिट उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून आत आणतो, म्हणून तेवढ्याच विजेत तीन युनिटं देतो. माझ्यासारख्याला तर हे पाठच असायला हवं. हजार अंशांची ज्वाळा पेटवायची, तिच्यातलं दोन तृतीयांश फेकून द्यायचं, आणि उरलेल्या विजेने चाळीस अंशांचं पाणी करायचं, यापेक्षा मोठा वेडेपणा शोधून सापडणार नाही. पण त्या सकाळी न्हाणीघरात घोट्याएवढं पाणी साचलं होतं, घरात पाहुणे होते, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या गाडीत एक साधा गिझर होता. तो म्हणाला, "साहेब, हा आत्ता बसतो. तुम्ही म्हणताय तो मागवावा लागेल, आठवडा जाईल." मी पाच मिनिटांत हो म्हणालो.

रोजच्या चार्जरपेक्षा त्या पाच मिनिटांनी माझ्या आयुष्यातली जास्त वीज ठरवली. आणि ती पाच मिनिटं माझ्या तत्त्वांनी नव्हे, त्याच्या गाडीत काय होतं त्याने ठरवली. त्याच्या गाडीत काय असावं, ते कायदे, कर, कारखाने आणि वितरक मिळून ठरवतात. मी जेव्हा यंत्रणा म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तीच गाडी असते.

तो गिझर अजून चालू आहे. तळाशी थोडा गंज दिसायला लागलाय, आणखी दोन वर्षं काढेल फार तर. न्हाणीघरात हीट पंप कुठे बसेल, त्याची मापं घेऊन मी कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय. विक्रेत्याचा नंबरही लिहिलाय त्यावर. घरात कुणालाही तो कागद दिसला, की म्हणतात, "आता नुसता कागदच का?"