आर्को: छताला भोक न पाडता

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी मेरानो हे गाव. आर्को हा दिवा बनवणारी फ्लॉस ही कंपनी १९६२ मध्ये इथे सुरू झाली. लॅटिनमध्ये फ्लॉस म्हणजे फूल. डिनो गाविना आणि चेझारे कासिना फर्निचरच्या धंद्यातले. त्यांच्या जोडीला आर्तुरो आयझेनकाइल, अमेरिकेतून ‘कोकून’ नावाची फवारायची राळ आणणारे.

ही राळ मुळात माल गुंडाळण्यासाठी बनवलेली. पोलादी तारेचा सांगाडा फिरता ठेवून ती फवारली, की आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात आणि थरावर थर चढून पापुद्रा तयार होतो. साचा लागतच नाही, तार वळेल तसा दिवा. दुखणं एवढंच, की वर्षं सरतात तशी राळ पिवळी पडते.

या राळेतून दिवे घडवणारे आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी हे भाऊ १९६२ मध्येच एका साध्या अडचणीला भिडले. जेवणाच्या टेबलावर वरून उजेड हवा, पण छताला भोक पाडायचं नाही. रस्त्यावरचा दिवा खांबापासून लांब उजेड टाकतो, तीच युक्ती त्यांनी घरात आणली. त्यातून आला आर्को.

कमान स्टेनलेस स्टीलची, एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची. वायर त्यांच्या पन्हळीतून आतून जाते. झेप सुमारे दोन मीटर, म्हणजे खुर्च्यांच्या मागून ट्रे घेऊन माणूस सहज जाईल. कमानीच्या टोकाला बल्बवर घुमटी, तिच्या माथ्यावर भोकं आहेत. बल्बची गरम हवा तिथून निघते.

एवढी लांब कमान उलटू नये म्हणून तळाला कारारा संगमरवराचा सुमारे ६५ किलोंचा ठोकळा. ठोकळ्याच्या कडा बघा: पायाला लागू नये म्हणून मारलेल्या. आणि मधलं आरपार भोक? त्यात झाडूचा दांडा घालायचा, दोघांनी दोन्ही टोकं धरायची आणि दिवा उचलायचा. आमच्या मते अख्ख्या आर्कोतला सर्वांत शहाणा भाग हाच. एकट्याने ओढायला गेलात, तर फरशीवर ओरखडे नक्की.

१९६४ मध्ये फ्लॉस कंपनी इटलीतल्याच ब्रेशा शहराकडे हलली. सेर्जो गांदिनी यांनी कारभार हाती घेतला.

आकिलेंचा पुढचा एक दिवाही असाच साध्या युक्तीचा. डिझायनर पिओ मान्झू यांच्या मनात एका उभ्या दांड्यावर वरखाली सरकणारा दिवा होता. १९६९ मध्ये ते गेले. आकिलेंनी ती कल्पना पुढे नेली, दांड्याऐवजी पोलादी तार घेतली: वर छताला, खाली वजनाला. कंसासारखी वळवलेली नळी या तारेवर ओवलेली. वळणांत तार घासते, म्हणून दिवा सोडाल तिथे थांबतो, स्क्रूची गरज नाही. तार सैल पडली, की मात्र घसरतो. १९७१ मध्ये हा ‘पारेन्तेसी’, म्हणजे कंस, आला, दोघांच्या नावाने.