विमान किलोच्या भावानं

पत्रिकेवर ‘विधिमंडळाचं स्वतःचं अर्थसंकल्प कार्यालय : एक आराखडा’ असं छापलंय. आराखडा सांगणारच आहे, पण आधी कॅनडातलं एक विमान उडवून आणू. सरकारी पैशावर नजर ठेवणारी लोकलेखा समिती, अंदाज समिती, ‘कॅग’ म्हणजे आपले महालेखापरीक्षक, हे सगळं इथल्या मंडळींनी कोळून प्यायलंय, तेव्हा त्या बाराखडीत वेळ घालवत नाही.

जुलै २०१० मध्ये कॅनडा सरकारनं ६५ एफ-३५ लढाऊ विमानं घ्यायचं जाहीर केलं. खरेदी ९ अब्ज डॉलरची. एक विमान साधारण साडेसात कोटी डॉलरला पडेल, असं सांगितलं. २००८पासून तिथल्या संसदेत, सरकारचे आकडे खासदारांसाठी तपासायला, एक अर्थसंकल्प अधिकारी बसतो. पहिले अधिकारी केविन पेज. त्यांनी हिशेब तपासायला घेतला, पण संरक्षण खात्याकडून हवा तो तपशील मिळेना. मग त्यांच्या माणसांनी जुन्या लढाऊ विमानांची वजनं आणि किमती जमवल्या, दर किलोमागे भाव कसकसा चढत गेला ते काढलं आणि तो चढ एफ-३५च्या वजनाला लावला. थोडक्यात, विमान तराजूत घातलं. हसू नका, मंडईत वांगी घेताना आपण याहून वेगळं काय करतो?

मार्च २०११ मध्ये अहवाल आला. एक विमान १४.८ कोटी डॉलरचं. आणि तीस वर्षांची देखभाल, सुटे भाग, सुधारणा धरून सगळं मिळून २९.३ अब्ज अमेरिकी डॉलर. सरकारनं आकडा उडवून लावला. त्याच महिन्यात, खर्चाचे तपशील दडवून संसदेचा अवमान केला म्हणून सरकार पडलं. आणि मे महिन्यात तेच सरकार पूर्ण बहुमतानं परत आलं! मतदाराला किलोचा भाव काही पटला नव्हता.

पुढची गंमत ऐका. एप्रिल २०१२ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं, की खात्याच्या आतल्या कागदांत २०१० सालीच २५ अब्जांचा अंदाज पडून होता. डिसेंबरात केपीएमजी या हिशेबतपासनीस कंपनीनं ४२ वर्षांचा हिशेब मांडला, तो ४५.८ अब्जांवर गेला. कालावधी वेगळे, डॉलर वेगळे, तेव्हा हे आकडे शेजारी शेजारी मांडून कुणी टाळ्या पिटू नयेत. माझं दुखणं दुसरंच आहे. कागद कपाटात होता, आणि तो दिला नाही म्हणून पहारेकऱ्याला तराजू काढावा लागला.

पेज यांचं कार्यालय संसदेच्या ग्रंथालयात कोंबलेलं होतं. वर ग्रंथपाल, पैसा त्यांच्यामार्फत. मुदत पाच वर्षांची, तीही सरकारची मर्जी असेतोवर. माहिती विनाशुल्क आणि वेळेवर मिळेल, असं कायदा म्हणायचा. न दिल्यास काय, यावर चकार शब्द नाही. २०१२च्या खर्चकपातीचे तपशील मिळेनात म्हणून ते न्यायालयात गेले. एप्रिल २०१३ मध्ये प्रश्न काल्पनिक ठरवून अर्ज फेटाळला गेला. तोवर पेज यांची मुदतही संपली होती.

२०१७ साली कायदा बदलला. कार्यालय ग्रंथालयातून सुटलं, मुदत सात वर्षं झाली, नेमणुकीला दोन्ही सभागृहांची संमती लागू लागली. मूळ मसुद्यात वार्षिक कामाची यादी दोन्ही सभापतींकडून मंजूर करून घ्यायची अट होती. ओरड झाली तेव्हा ती गेली. पण माहिती अडवली तर आजही उपाय एवढाच, की सभापतींना किंवा समितीला कळवा. शिवाय पद रिकामं झालं तर मंत्रिमंडळ स्वतःच सहा महिन्यांपर्यंत हंगामी माणूस बसवू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तसंच झालं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं.

आपल्या ‘कॅग’ला संरक्षण भरपूर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकंच हटवायला अवघड, निवृत्तीनंतर सरकारी पद नाही. पण घटनेच्या अनुच्छेद १५१मध्ये अहवाल सभागृहापुढे ठेवायची तारीखच नाही! म्हणून तो बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो, चर्चेला वेळ उरत नाही. शिवाय ‘कॅग’ येतो खर्च झाल्यावर. पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच जादा खर्चाच्या मागण्या, येतात तेव्हा, खर्चाआधी, आमदाराच्या बाजूनं हिशेब करणारं कुणीच नसतं.

तर आराखडा, धावत धावत. वीसेक माणसं पुरतील. प्रमुखाला सात वर्षं, पुन्हा नेमणूक नाही. मुदतवाढीची आशा असली की शेवटच्या वर्षी पेन अडखळतं. विरोधी पक्षनेत्याच्या संमतीशिवाय नाव पुढे जायचं नाही. जागा रिकामी झाली की उपप्रमुख आपोआप वर. पुरवणी मागण्यांवरचं टिपण मतदानाच्या निदान तीन दिवस आधी आमदारांच्या हातात, त्याच दिवशी सगळ्यांसाठी खुलं. खात्याच्या सचिवानं पंधरा दिवसांत माहिती द्यायची, नाहीतर नकाराचं कारण सहीनिशी लिहून द्यायचं. तो कागद अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी पटलावर.

आणि पैसा. कार्यालयाचा खर्च राज्याच्या संचित निधीवर, म्हणजे मुख्य तिजोरीवर, भारित करायचा, म्हणजे त्यावर दरवर्षी मतदान नाही. अनुच्छेद २०२ प्रमाणे हे राज्याच्या कायद्यानं करता येतं, घटनादुरुस्ती लागत नाही. मात्र खर्च भारित करणारं विधेयक अनुच्छेद २०७ खाली राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही, आणि ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं येते. तेव्हा कुणा आमदाराच्या खासगी विधेयकानं एवढा भाग साधणार नाही. तेवढं कलम वगळून उरलेलं विधेयक आधी आणता येईल का, ते प्रश्नोत्तरांत बोलू.